प्रस्थानात ठेवलेली फाइल

नाना, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि माझा राग अजून तसाच आहे. काल तो पुन्हा उफाळला. तुमच्या नातीला, माझ्या लेकीला, बंगळुरूला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, आणि आईनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "निघायचा वार कोणता?" मी लाटणं पोळपाटावर आपटलं. म्हटलं, या घरात पुन्हा कुणी वाराचं नाव काढलं तर बघा.

तुम्हाला आठवतंय ना? की तिकडे सगळं विसरायची सोय आहे? मी बावीस वर्षांची, आपल्या शहरातल्या फूलबागेच्या पलीकडे कधी एकटी न गेलेली, आणि मला केरळातल्या एका मोठ्या इस्पितळानं आहारतज्ज्ञाच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने बोलावलं होतं. आपल्या सबंध माधवगंज मोहल्ल्यात तुम्हीच सांगत फिरलात, "हमारी बिटिया दक्षिण जा रही है." तिकीट निघालं गुरुवारचं. तुम्ही पंचांगात डोकं घातलंत, तर गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, त्या दिशेला निघणंच अशुभ! तिकीट बदलून मिळेना. मग काय, आपल्या भिक्षुकी घराण्याची जुनी तोड होतीच, बुधवारी प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू सुपारी-हळकुंडासह शेजारी नेऊन ठेवली, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशी निघताना ती उचलायची. ठेवा ना! माझा रुमाल ठेवा, एखादी जुनी ओढणी ठेवा. पण छे. ज्यासाठी जायचं तीच वस्तू हवी म्हणून तुम्ही मला न विचारता, न सांगता बॅगेतून गुणपत्रिकांची फाइल काढलीत आणि शेजारच्या काकूंच्या देवघरात नेऊन ठेवलीत.

गुरुवारी सकाळी काकूंच्या दाराला कुलूप. भाऊ आजारी पडला म्हणून त्या तातडीनं झाशीला गेलेल्या. इथपर्यंतही मी समजू शकते. पण तुम्ही गप्प बसलात, नाना! स्टेशनवर माझ्याशेजारी उभे होतात, पाण्याची बाटली भरून दिलीत, खिडकीतून डोक्यावर हात ठेवलात, आणि गाडी हलेपर्यंत फाइलबद्दल चकार शब्द नाही. का, तर निघणाऱ्याला काही राहिलंय असं सांगू नये, अपशकुन होतो. दोन दिवसांचा प्रवास करून मी इस्पितळाच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी उभी आहे, मागे रांग आहे, मी बॅगेतला एकेक कपडा बाहेर काढतेय आणि फाइल नाही. बूथवरून फोन केला तर तुम्ही म्हणता, "अगं, प्रस्थानात आहे ती. निघताना कसं सांगायचं?" कसं सांगायचं म्हणजे? तोंडानं सांगायचं! मी एवढ्या जोरात ओरडले की बूथवाला बघत राहिला. "काकू आल्या की लगेच पाठवतो," तुम्ही म्हणालात. मी फोन आपटला.

मंगळवारी मी परत आपल्या दारात. "कागद नाहीत म्हणून जागा गेली," एवढंच बोलले आणि नंतर महिनाभर तुमच्याशी अबोला धरला. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. आज मी जयेंद्रगंजातल्या एका दवाखान्यात बसते आणि डॉक्टर सांगतील ती पथ्यं कागदावर उतरवून देते. लग्न, संसार, लेक, सगळं याच शहरात. पुढे का नाही शिकलात, असं कुणी विचारलं की तुमचं नाव सांगायचं, हे मला पाठच झालंय. पाहुण्यांपुढे, तुमच्या देखत, मुद्दाम सांगायचे. तुम्ही खाली मान घालून चहा प्यायचात. एकदा म्हणालात, "माझं चुकलं गं." मी म्हटलं, "आता काय उपयोग?" आणि कप उचलून आत गेले. शेवटच्या आजारपणात तुम्ही पुन्हा तो विषय काढलात, तेव्हा मी "पडा आता जरा" म्हणून पांघरूण सारखं केलं.

काल लेकीला हे सगळं चढ्या आवाजात ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर मम्मी, पेपर्स तो बाद में आ गए होंगे ना? मग तू परत का नाही गेलीस?"

नाना, त्या खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला आठ दिवस दिले होते. वसतिगृहात राहा, कागद मागवून घे, तुझी जागा कुठे जात नाही, असं मोडक्यातोडक्या हिंदीत दोनदा सांगितलं. मी एकच दिवस राहिले. खोलीतल्या तिघी मुली आपसांत हसत-बोलत होत्या, मला एक अक्षर कळत नव्हतं. मला इतकी भीती वाटली की जेवणाच्या ताटावरच रडू फुटलं. घरी पळून यायला तुमची चूक आयती सापडली.

हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. आता हे सगळं लिहिलेला हा कागद कुणाला देऊ? लेकीला मी काल म्हटलं, "मुदत दिलीच नाही त्यांनी." ती म्हणाली, "नाना भी ना!" आणि मी मान डोलावली.