हिरव्या हापशांची यादी

४ जानेवारी

लाल हापशांची फेरी संपली. बावीसच्या बावीस हापशांत अजून आर्सेनिक! बत्तीस वर्षांपूर्वी मीच रंगवले — वाईट पाण्याचे लाल, चांगल्याचे हिरवे. तेव्हापासून दर थंडीत लाल हापसे तपासायचे आणि कचेरीत फॉर्म द्यायचा, म्हणजे कधीतरी नळ येतील. फॉर्मवर रकाना एकच : 'दूषित हापसे आजही दूषित आहेत काय?' आहेत हो, आहेत!

कारकुनाने न वाचताच शिक्का मारला. "बाई, तुम्ही अजून फिरता?" म्हणाला. कौतुक होतं की कीव, कळलं नाही.

६ जानेवारी

भावाचा फोन. "प्रयोगशाळेत राहिली असतीस तर आज..." हे वाक्य तो अडतीस वर्षांत एकदाही पूर्ण करू शकलेला नाही. "दूध उतू जातंय" म्हणून मी फोन ठेवला. दूध घरात नव्हतंच.

टाचा आणि तळपाय टणक झालेत, खडे आल्यासारखे. चालून चालून. मलम चोळलं.

९ जानेवारी

नर्सने दवाखान्यात चहा केला. सव्वीस वर्षं आम्ही दोघी बरोबर फिरतोय — मी पाणी बघते, ती माणसं. कप पुढे करताना तिचे तळहात दिसले. बारीक बारीक कडक दाणे. लाल हापशांचं पाणी वर्षानुवर्षं प्यालेल्यांच्या अशा शेकडो हातांचे मी फोटो काढलेत.

"हे कधीपासून?"

"अहो ताई, भांडी घासून घासून होतं!" हसली वर.

ती हिरव्या हापशाशिवाय कुठलं पाणी पीत नाही. पाहुण्यांकडे गेली तरी घरची बाटली नेते. सवय मीच लावलेली.

१० जानेवारी

ती कामावर गेल्यावर तिच्या दारच्या हिरव्या हापशाचं पाणी घेतलं. बाटलीत पूड टाकली, झाकणात कागदाची पट्टी अडकवली, वीस मिनिटं थांबले. पट्टी पांढरी राहायला हवी होती. तपकिरी झाली. पुन्हा केलं. पुन्हा तपकिरी!

हिरवे हापसे मी एकदा रंगवले आणि विसरले. जमिनीखालचं पाणी बदलतं हे मला माहीत नाही? मी शिकवलंय ते! पण फॉर्मवर रकाना लालचा, म्हणून मी लालच तपासत राहिले. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर दारात उभं केलं नसतं त्याला.

१२ जानेवारी

जुनी यादी काढली. हिरवे एकवीस. वीस तपासून झाले. तेरा पट्ट्या तपकिरी, सात पांढऱ्या. पांढऱ्यांतलाही सगळ्यात स्वच्छ चौदा नंबरचा, तो पार टेकडीमागे. माझ्या अंगणातला एक नंबर तेवढा राहिला. सगळ्यात खोल आहे, त्याला काय धाड भरलीय! पट्ट्या तीनच उरल्यात, लोकांसाठी लागतील.

नर्सने विचारलं, "हिरवे कशाला तपासताय?" मी म्हटलं, सहज. तिला हे काम शिकवायचा मी किती प्रयत्न केला. दर वेळी एकच उत्तर — "ते तुमचं, ताई. मला त्या पट्ट्यांची भीती वाटते."

सांगितलं तर लोकांचा विश्वास जाईल. आयुष्यभरात तेवढाच मिळवलाय. नाही सांगितलं तर ते हेच पाणी पीत राहतील. यातली पहिली गोष्ट मला आधी सुचली. लाज वाटते.

१३ जानेवारी

नाही सांगितलं.

१५ जानेवारी

सांगितलं. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावून, यादी वाचून.

शिंपी म्हणाला, "मग आम्ही प्यायचं काय?" सात हापशांवर सगळ्या वस्तीचं कसं भागणार? मागून कुणीतरी म्हणालं, "बाटलीवाल्या बाईंनी सांगितलं म्हणून पोरांना पाजलं." ओरडून नाही, साध्या आवाजात. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर नर्स स्वतःचे हात बघत म्हणाली, "किती वर्षं झाली असतील?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, बाई?"

बाई म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१७ जानेवारी

तेरा हापसे लाल केले. दोन दिवस लागले. गुडघ्यांनी जीव नकोसा केला, पण डबा धरायला कुणी पुढे आलं नाही. मी तरी का आले असते? पाच नंबरला रंग वाळायच्या आत बायका पाणी भरायला लागल्या. "साडीला लागेल" एवढंच मी म्हणू शकले.

उरलेला रंग, ब्रश, पूड, बाटली आणि त्या तीन पट्ट्या दवाखान्याच्या पायरीवर ठेवून आले. माझी तपासणी आता कुणाला हवी! नर्स आत होती. तिच्या चपला दारात होत्या. बाहेर आली नाही.

१८ जानेवारी

भावाला फोन केला. येते म्हटलं. तो एक शब्दही जास्त बोलला नाही. त्याने बोललेलं परवडलं असतं.

बत्तीस वर्षांचे फॉर्म बांधायला घेतले. सगळ्यांवर शिक्के आहेत. कशासाठी केलं हे सगळं? रडू आलं. रडून घेतलं.

१९ जानेवारी

पेटी भरली. गाडी उद्या दुपारी.

२० जानेवारी

सकाळी पाणी भरायला अंगणात गेले. माझा हापसा लाल! रंग ओला, ओघळ आलेले — पहिल्यांदाच ब्रश धरणाऱ्याच्या हातचा. दांड्याला दोऱ्याने पट्टी बांधलेली. गडद तपकिरी. तेरांपैकी एकीचाही रंग इतका गडद नव्हता.

पायरीवर झाकलेली कळशी. झाकणावर चिठ्ठी, दवाखान्याच्या कागदावर : 'ताई, हे चौदा नंबरचं. दोनदा तपासलं. पांढरी आली.'

पायरीवरच बसले. चप्पल काढून तळपाय उजेडात धरले. चालून झालेलं नाही ते.