विनस्लेडांच्या वंशावळीतली घोडी

दिनांक : ४ जून २०१२

प्रति,
मा. अधीक्षक,
दफनभूमी विभाग,
कॅरेगलास टाउनशिप कार्यालय,
पेनसिल्व्हेनिया.

विषय : टेकडीवरील दफनभूमीत माझ्या पत्नीशेजारची जागा दगडी बाकासाठी देण्यास हरकत.

संदर्भ : आपले दि. २१ मेचे पत्र, ज्यात मला ‘असंबंधित व्यक्ती’ असे संबोधले आहे.

महोदय,

१. मी गोमर प्रॉसर, वय पंच्याऐंशी, जन्मापासून कॅरेगलासचा रहिवासी, धंदा लिलाव पुकारणे (आता आवाज गेला, सवय राहिली). माझी पत्नी नेस्टा गेल्या हिवाळ्यात वारली व प्रॉसर भूखंडात पुरली गेली. दगड आम्हा दोघांचा एकच आहे. त्यावर माझे नाव कोरून झाले आहे, मृत्यूची तारीख तेवढी रिकामी आहे, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहता ती फार काळ रिकामी राहीलसे वाटत नाही. अशा वेळी आपण माझी जागा अ‍ॅरिझोनाच्या विनस्लेड कुटुंब मंडळाला बाक बसवण्यास दिलीत. म्हणजे मी मेल्यावर माझे नाव नेस्टाजवळ आणि मी भलतीकडे. म्हणून हा अर्ज. तो लिहिताना जी शिसारी येत आहे, ती शक्य तितक्या सभ्य भाषेत मांडतो.

२. सदर मंडळ आपल्या इंग्लिश व वेल्श पूर्वजांचा माग काढत देशभर हिंडत असते. त्यांचा इंग्लिश पूर्वज, डेव्हनचा जोसाया विनस्लेड, पोरवयात इकडे आला, आमच्या स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, खाणीत राबला आणि ग्वेनलियन नावाच्या कोणा वेल्श मुलीशी त्याने लग्न केले. ती इथेच वारली आणि तो मुले घेऊन पश्चिमेकडे गेला. त्यांना माहीत आहे ते एवढेच. मग त्यांना आमच्या भूखंडातला दगड सापडला : ‘ग्वेनलियन. जन्म वेल्स १८७१. मृत्यू येथे १८९९.’ पुढे आडनाव नाही. कोणाही साध्या माणसाला इथे शंका आली असती. परंतु मंडळाच्या अध्यक्षा श्रीमती डेलोरिस विनस्लेड यांचे वाचन दांडगे. जुन्या वेल्श लोकांत कायमचे आडनाव नसे, हे त्यांनी वाचलेले. तेव्हा आडनाव नाही म्हणजे बाई अस्सल जुन्या वळणाची, असा त्यांनी निकाल दिला. महोदय, आडनाव नव्हते, कारण ती घोडी होती.

३. हकीकत अशी. माझे पणजोबा एबनेझर प्रॉसर यांनी तिला वेल्सहून आणली. जहाजाचा कप्तान म्हणाला, जनावराला जागा नाही. त्यावर ती धक्क्यावरून समुद्रात उतरली आणि जहाजामागे पोहू लागली. आयर्लंड मागे पडल्यावर खलाशांनाच लाज वाटली व त्यांनी तिला वर ओढले. पोहण्याबद्दल कोणी शंका घेईल, पण ती इथे पोचली याबद्दल वाद नाही. पुढे ती जन्मभर खाणीचे गाडे ओढत राहिली. चॅपेलच्या छपराची प्रत्येक पाटी तिनेच टेकडीवर चढवली. रविवारी नुसता लगाम दाखवला तरी चावायची. ती मेली तेव्हा पणजोबा अडून बसले, की तिला माझ्याच भूखंडात पुरणार. चॅपेलच्या पंचांनी तोड काढली. सर्वजण खड्ड्याकडे पाठ करून उभे राहिले आणि माती लोटून होईपर्यंत चार सुरांत भजने म्हणत राहिले. पाहिले कोणीच नाही, तेव्हा घडलेही नाही. खड्डा मात्र इतका मोठा, की भजने संपली आणि पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली. माझी पणजी सेरा तेवढी तोंड वळवायला तयार नव्हती. “एबनेझर, आता तिच्याच कुशीत झोप तू,” असे सर्वांदेखत म्हणून ती निघून गेली, आणि आज टेकडीपलीकडे बाप्टिस्ट पंथाच्या दफनभूमीत पडली आहे.

४. एप्रिलमध्ये मंडळ बस भरून आले. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे सदरे, छातीवर वेल्सचा ड्रॅगन आणि इंग्लंडचा सिंह एकमेकांना चाटत असल्यासारखे. दगडावरची अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांनी त्याला दाढीचा फेस फासला आणि काच पुसायच्या रबराने खरवडला. म्हणजे आपल्या दफनभूमीत दिवसाढवळ्या घोडीची दाढी झाली. तो फेस ओघळून नेस्टाच्या ताज्या मातीवर आला. मी गुडघ्यावर बसून हाताने निपटत होतो, तेव्हा श्रीमती विनस्लेड यांच्याशी झालेले बोलणे जसेच्या तसे देतो. मी म्हणालो, “बाई, ही घोडी आहे.” त्या म्हणाल्या, “मिस्टर प्रॉसर, बायकांबद्दल असं बोलायचा काळ गेला.” मी म्हणालो, “अहो, तिला चार पाय होते!” त्या म्हणाल्या, “कष्टाळू बाईला तुमच्या गावात असंच हिणवत आले असणार. म्हणून तर बिचारा जोसाया निघून गेला.” त्यांचा भाचा कर्टिस फोटो चाळत होता. तो म्हणाला, “मावशी, जबडे मात्र आपल्या सगळ्यांचे लांबच आहेत गं.” “तू गप्प बस, कर्टिस!” मग सर्वांनी ओळीने दगडाचे मुके घेतले. ओठांना लागलेला फेस पुसला तो बाहीने.

५. यांची शोध घेण्याची रीतही आपल्या कानावर घालणे भाग आहे. हे लोक काचेच्या नळीत थुंकतात आणि ती थुंकी टपालाने तपासणीला पाठवतात. उलट टपाली इंग्लिश किती आणि वेल्श किती, याचा हिशेब येतो. मग तो घरोघर चौकटीत लावतात. थुंकीचा निकाल, महोदय, दिवाणखान्यात! श्रीमती विनस्लेड यांनी माझ्यापुढेही नळी धरली. मी थुंकलो, पण नळीत नाही. त्याबद्दल त्यांनी आपल्याकडे तक्रार केली असल्यास ती खरी आहे.

६. यानंतर मी आपल्या कार्यालयात गेलो. खिडकीवर कुमारी ट्रेक्सलर होत्या. मुलगी गुणी आहे, तिच्या आजोबांचे सगळे सामान मीच लिलावात विकले. ती म्हणाली, “मिस्टर प्रॉसर, जुन्या भूखंडात जे माणूस पहिलं पुरलं गेलं, त्याच्या वंशजांचा रिकाम्या जागेवर हक्क. तुमच्याकडे पहिली ग्वेनलियन. तुम्ही तिचे कोण?” मी म्हणालो, “कोण म्हणजे? पोरी, मी माणूस आहे!” “मग तुम्ही असंबंधित.” मी म्हणालो, ती घोडी असल्याचे शपथेवर लिहून देतो, हवे तर खणून पाहा. ती घाईघाईने म्हणाली, “लिहून देऊ नका! जनावर निघालं तर भूखंड कायमचा बंद होतो. मग कोणालाच पुरता येत नाही.” “म्हणजे ती बाई असली तर मी बाहेर, आणि घोडी असली तरी मी बाहेर?” तिने कागद चाळले आणि म्हणाली, “हो. पण बाक खरंच छान आहे हो, पाठीला टेकायलाही आहे.” माझ्या पत्नीशेजारी अ‍ॅरिझोनाची ढुंगणे टेकणार, या विचाराने मला तिथेच मळमळले. बिचारीने कचऱ्याची टोपली पुढे केली.

७. नेस्टा शेवटच्या आजारात मला म्हणाली होती, “गोमर, साठ वर्षं तुझी बडबड ऐकली. आता शेजारी येऊन गप्प पडशील, तेवढंच एक सुख राहिलंय माझं.” तिला मी कधी काही मोठे दिले नाही. हे द्यायचे आहे. त्यासाठी ग्वेनलियन बाई ठरायला हवी आणि मी तिचा वंशज ठरायला हवा, दुसरा मार्ग आपल्या नियमांनी ठेवलेला नाही. सबब मी पूर्ण शुद्धीवर असताना निवेदन करतो, की ग्वेनलियन ही माझी सख्खी पणजी होय. माझा पुरावा विनस्लेडांच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे. जोसाया विनस्लेड या टेकडीवर तिच्यासोबत दिसल्याचे कोणी सांगत नाही. उलट माझे पणजोबा कडक हिवाळ्यात घर सोडून तिच्याच तबेल्यात झोपत, हे सेरा पणजी मरेपर्यंत गावाला ऐकवत होती. आपण त्यांचा दावा मानलात, माझा नाकारण्यास कारण दिसत नाही. या निवेदनामुळे मी श्रीमती विनस्लेड यांचा नातेवाईक ठरतो, याची मला जाणीव आहे. मला किळस येते ती त्या नात्याची. घोडीची नाही.

८. तरी विनंती, की माझे नाव ग्वेनलियनच्या वंशजांत दाखल करावे, बाकाचा ठराव रद्द करावा, आणि दफनभूमीच्या फाटकावर ‘आत दाढी करू नये’ अशी पाटी लावावी. सेरा पणजीच्या बाप्टिस्ट नातलगांना हे कळवू नये. निर्णय लवकर व्हावा. मला फार थांबता येणार नाही आणि नेस्टाला थांबायची सवय नाही.

आपला, होता होईल तितका नम्र,

गोमर प्रॉसर
(कै. ग्वेनलियन हिचा पणतू)