काही इचारायचं हाये का?

३ मे
अमरावतीवरून आताच आली. बियाणे कंपनीतली मुलाखत झाली. शेतकऱ्यांचे फोन घ्यायची नोकरी. सगळं बरोबर सांगतलं, कपाशीवरच्या किडी तं बोटावर मोजून दाखवल्या. शेवटी साहेब म्हणे, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" अन् माही मान आपोआप खाली. "नाई." वरून उठून तिघाईच्याही पाया पडली! मधल्या साहेबानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सहा वेळा पोरगी पाहाचे कार्यक्रम झाले माहे. तिथं हेच इचारतात, अन् हेच उत्तर द्या लागते. जळो ते पोहे.

४ मे
मुलाखतीच्या क्लासचे सर भडकले. "नाही कसं म्हणता? प्रश्न विचारा! समोरच्याले वाटलं पाहिजे, पोरीले डोकं आहे." फळ्यावर दहा प्रश्न लिहून दिले, पाठ करा म्हणे. माह्या बाकावरची नसरीन येताना मूर्तिजापूरपर्यंत हसत होती. बस थांबली तवा थांबली.

९ मे
पत्र आलं! १८ ले दुसरी फेरी. पाया पडूनही बलावलं.
आईसंग सौदा केला. नोकरी लागली तं वर्षभर लग्नाचं नाव नाई. नाई लागली तं मामानं आणलेल्या तेल्हाऱ्याच्या स्थळाले हो. पण त्याईले येऊन पाहून तं जाऊ दे म्हणे.

१२ मे
नसरीनच्या अब्बांच्या शिलाईच्या दुकानात सराव. ती साहेब, गळ्यात टेप. प्रश्न इचारते म्हटलं का मान खाली. हनुवटीखाली फूटपट्टी लावून म्हणे, "गर्दन उप्पर! दूल्हा नहीं देखना है, नौकरी देखना है." दहा वेळा. मान दुखून राहिली.

१४ मे
तेल्हाऱ्याचे आले. मुलाचं कृषी केंद्र हाये, खतं-बियाणं इकते. त्याचे वडील म्हणे, "काही इचारायचं असन तं इचार माय."
मान वरच राहिली. तोंडातून सरांचे प्रश्न सुरू! "पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून आपली काय अपेक्षा आहे?"
मामाले ठसका. मुलाची आई लाजून म्हणे, "सहा महिन्यात? काही घाई नाई बाई, वरीसभरानं झालं तरी चालते."
"मी कोणाले रिपोर्ट करायचं?" मुलानं हळूच आईकडं बोट दाखवलं. बरा हाये तसा.
"ही जागा आतापर्यंत रिकामी काहून?"
आईनं मले चिमटा काढला. पण मुलानं सरळ सांगतलं. दोन पोरी नाई म्हणाल्या. मागच्या साली त्यानं इकलेलं बियाणं उगवलंच नाई, लोक दुकानावर येऊन शिव्या देतात. दुबार पेरणी झाली अर्ध्या तालुक्यात.
कोणतं बियाणं, इचारलं. त्यानं नाव सांगतलं.
माह्याच कंपनीचं.

१८ मे
"काही विचारायचं आहे?" साहेब. दहाही प्रश्न पाठ होते. इचारला अकरावा.
"तेल्हाऱ्यात तुमचं बियाणं उगवलं नाई. तिथल्या शेतकऱ्याचा फोन आला तं मी काय सांगू?"
साहेबानं पेनाले टोपण लावलं. "हे कोणी सांगितलं?"
"मले पाहाले आलेल्या मुलानं."
पॅनेलवरच्या मॅडम रुमालात हसल्या. साहेब नाई. म्हणे, "चांगला प्रश्न आहे. कळवू."
गेली नोकरी. पण इचारलं नसतं तं झोपच आली नसती.

२६ मे
लागली! १ तारखेले रुजू. आईनं साखर वाटली. नसरीननं ड्रेस शिवाले घेतला.
सांजच्याले पत्र पुरं वाचलं. मागच्या पानावर कामाचे नियम. पहिलाच: उगवणीची तक्रार आल्यास 'वरिष्ठांना कळवतो' एवढेच सांगणे, अधिक बोलू नये. खाली सहीची जागा.
माह्या प्रश्नाचं उत्तर भेटलं म्हणा. असा राग आला! त्या मुलाच्या दुकानातून माणूस फोन करन, अन् मी पोपटावानी हेच म्हणीन?
आई पेन घेऊन उभी. "कर ना सही, आता काय इचारायचं राह्यलं?"
म्हटलं, हे वरिष्ठ कोण, अन् त्याईले कळवल्यावर ते काय करतात.
आई कपाळाले हात लावून बसली. "इचार, अन् मंग तेल्हाऱ्याच्या तयारीले लाग."

२७ मे
एसटीडीवर जाऊन कंपनीत फोन लावला. साहेब जेवाले गेले म्हणे. तीन वाजता लावा.
सही केली नाई. अडीच वाजले.