पाशामियाँ मास्तरांचा ळ

मुरुम, ता. ४ जुलै १९५१

चि. हसीनाबी हिस,
पाशाभाईची पुष्कळ दुवा. वि. वि.

उस्मानाबादच्या मुलींच्या शाळेत तुझं बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. माझं तसं नाही. निजामाच्या राज्यात सतरा वर्षं उर्दूतून शिकवलं, आणि ते राज्य गेल्यावर आता तिसरी मराठीतून शिकवायची असा हुकूम आहे. बोलायला अडत नाही, पण लिहायला लागलो की हात आपसूक फळ्याच्या उजव्या कडेला जातो. ळ तर जिभेवर बसतच नाही. परवा फळ्यावर 'मी केली खाल्ली' असं लिहिलं. सगळा वर्ग हसला. मी धोंडीबाच्या पोराला छडी मारली. सतरा वर्षांत कधी उचलली नव्हती.

काल रेवणप्पा घरी आले. त्यांची नागू माझ्या वर्गात आहे. अदबीनंच म्हणाले की मास्तर, हिसाब तुमच्यावानी कुणी शिकवत न्हाय, पण पोरगी घरी येऊन शाला म्हणतीया. तिला साळंतून काढावं म्हणतो. मी दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं. दिवाळीच्या आधी तपासणीचे साहेब येणार आहेत. मेहुण्याच्या कापडदुकानात जाऊन बसावं असं मनात येतं.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिलंय, शब्द पुस्तकात बघून बघून. तरी राहिलेल्या चुका दुरुस्त करून परत पाठव.

तुझा,
पाशाभाई


उस्मानाबाद, ता. ११ जुलै १९५१

ती. भाईजान यांस,
हसीनाबीचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र तांबड्या शाईनं दुरुस्त करून सोबत पाठवलं आहे. रागावू नका. तुमची शाला आणि रेवणप्पांची साळा, मधल्या मधे शाळा राहून गेली एवढंच.

आधी त्या पोराचं बघा. सगळ्या वर्गासमोर त्याला सांगा की माझं चुकलं. मग पोरांना सांगा की मराठी लिहायला मीही तुमच्याबरोबर शिकतोय. ज्याला माझी चूक दिसेल त्यानं ओरडायचं नाही; उठून फळ्यापाशी यायचं, बरोबर अक्षर लिहायचं आणि का ते सांगायचं. माझ्या वर्गातल्या मुली वाचताना डुलक्या घ्यायच्या, तेव्हा मी रोज दोन चुका मुद्दाम करायला लागले. तेव्हापासून एकीचीही नजर फळ्यावरून हलत नाही. तुम्हाला तर मुद्दाम करायची मेहनतही पडायची नाही.

सकाळी गेल्या गेल्या फळ्याच्या डाव्या कडेला खडूची उभी रेघ ओढा, म्हणजे हाताला सुरुवात कळेल. पहिला तास हिशेबाचा घ्या. तुमचा हात तिथं पक्का आहे, तोंडही मोकळं होईल. आणि पोरांना घरून ळ चे शब्द आणायला सांगा. विळा, कोळसा, आभाळ, जे सापडेल ते. त्यांच्याबरोबर तुम्हीही मोठ्यानं म्हणा.

मला अलिफ-बे तुम्ही शिकवलंत. तीन महिने मला एक अक्षर येत नव्हतं, पण तुम्ही एकदाही कपाळाला आठी घातली नाहीत. तेवढा धीर आता स्वतःला द्या. दुकानाचा विचार करू नका.

भाभीला सलाम. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
हसीनाबी


मुरुम, ता. २३ सप्टेंबर १९५१

हसीनाला भाभीची दुवा.

शेजारच्या हरणाबाईंच्या सुनेकडून लिहून घेतीया. तुझे भाई आता लई बदलले. त्या पोराची त्यांनी वर्गात माफी मागितली, तर पोरगं घरी जाऊन रडलं म्हणं. आता अंगणात फेऱ्या घालत काळं, पिवळं, निळं, जांभळं असं घोकत्यात. कोंबड्या लांब पळत्यात.

पण पेटीत एक कागद सापडला. हिच्याकडून वाचून घेतला, तर राजीनामा निघाला. तपासणी बिघडली तर साहेबांच्या हातावर ठेवणार, असं दिसतंय. मी कागद जिथल्या तिथं ठेवला. त्यांना काय बोलले न्हाय. तू दोन ओळी लिही. त्यांना धीर येईल.

बिस्मिल्लाबी


मुरुम, ता. २१ ऑक्टोबर १९५१

चि. हसीनाबी हिस,
भाईची दुवा. वि. वि.

तुझ्या दोन ओळी वेळेवर पोचल्या. मंगळवारी साहेब आले आणि मागं खुर्ची टाकून बसले. मी रेघेपासून लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला 'पावसाला संपला' असं उतरलं. मला कळलंही नाही. रेवणप्पांची नागू नेहमीसारखी उठली, फळ्यापाशी आली, ल पुसून ळ लिहिला आणि म्हणाली की जीभ मागं वळती तवा ळ येतो. मग जागेवर जाऊन बसली. राजीनाम्याचा कागद माझ्या खिशातच होता.

साहेबांनी विचारलं की या वर्गात असंच चालतं का. मी सगळं खरं सांगितलं. तेव्हा स्वतः उठून साहेबांनी वीस अवघड शब्द लिहायला घातले. एकतीस पोरांपैकी सव्वीस जणांची एकही चूक नाही. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं की या वर्गातली मुलं पारखून लिहितात, आणि जाताना माझा हात हातात घेतला. घरी आल्यावर दार लावून रडलो, हे तुलाच सांगतो. राजीनाम्यावर तुझ्या भाभीनं चूल पेटवली, मला न विचारता. नागूही शाळेतच राहणार; रेवणप्पा स्वतः येऊन सांगून गेले.

आता कालची गोष्ट. माकणीचे दादामियाँ मास्तर तुला आठवत असतील. पन्नाशीचे आहेत, तेही उर्दूतूनच शिकवत आले. कुणाकडून तरी ऐकून ते मुक्कामाला आले आणि काल सकाळभर पोरांच्या शेवटच्या रांगेत मांडी घालून बसले. शाळा सुटल्यावर पटका सारखा करत म्हणाले की पोरं हसतील म्हणून वर्षभर मी फळ्याला हात लावला नाही, सोमवारी लावणार. पुढच्या शनिवारी येऊ का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं या, आणि येताना पाटी घेऊन या.

खुशाली कळवत जा, भाईला विसरू नकोस.

तुझा,
पाशाभाई