वॉकर मी नेलाय

बुरुलवन्सं,

आईंना धाप लागलीय, ओठ निळे पडलेत. शेजारच्या झापारच्या गाडीतून नारीन शहरातल्या दवाखान्यात नेतेय. ह्यांना कुरणावर फोन लागत नाहीये, लागला तर सांगा. पातेल्यातला रस्सा पाहुण्यांना वाढा, आईंसाठी ठेवू नका.

खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, निजवून ठेवलं तर छाती कफानं भरेल आणि तोच जीव घेईल. मी चालवत होते. तुम्ही माहेरी आलात आणि चारचौघांत म्हणालात, "सून म्हातारीला गुरासारखं हाकतेय." वॉकर कोठारात टाकलात, दारासमोरच्या मानाच्या जागी गाद्यांवर गाद्या रचून आईंना निजवलंत. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, लेक असावी तर अशी. तुम्हाला ते गोड लागलं.

तुम्हाला यायचं असेल तर या, पण गाद्या आणू नका.

आणि एक. काल तुम्ही पाहुण्यांना घ्यायला फाटकापाशी गेलात, तेव्हा आईंनी माझी बाही ओढली. म्हणाल्या, "बुरुल गेली का? मग उठव मला पटकन." मी हात दिला, तोवर तुम्ही सगळ्यांना घेऊन आत आलात. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा डोकं टेकलं.

उमसुनाय