आधी फिल्म, मग कोटिंग

प्रिय भूषण,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी हसशील. शाळेत चार ओळींचा निबंध लिहिताना ज्याला घाम फुटायचा तो धनेश पत्र लिहितोय, म्हणजे एक तर लग्नपत्रिका असणार नाही तर कोर्टाची नोटीस. दोन्ही नाही. या आठवड्यात तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा ‘जेवलास का’ एवढंच विचारून ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की पुढचं गिळून टाकतो, म्हणून कागद घेऊन बसलोय. एक गोष्ट तुला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवी होती, ती आज सांगणार आहे. वाचल्यावर तू माझं तोंड बघशील की नाही, मला माहीत नाही. आपली पंधरा वर्षांची दोस्ती त्यात जाईल, हे धरूनच लिहितोय.

आधी इकडची खबर देतो, तेवढाच धीर येईल. दुकान तळवड्यातच आहे, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारच्या प्रेस मशीनची धडधड तशीच. चाकणच्या चौकात परवा दीड तास अडकलो, म्हणजे तिथंही काही बदललेलं नाही. गिऱ्हाईक मात्र बदललंय. हल्ली लोक मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि मलाच शिकवतात. दोन माणसं ठेवलीत, कामाला बरी आहेत, पण तुझी नजर कुणाकडे नाही. रंगात अडकलेला धुळीचा कण त्यांना दाखवावा लागतो, बोट ठेवून.

तुझी नजर मी पहिल्यांदा बघितली ती चाकणच्या कंपनीत, आपण पेंट शॉपला कंत्राटी होतो तेव्हा. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात बॉडी पुढं सरकायची आणि मी दोन डाग शोधेपर्यंत तू सहा ठिकाणी खूण करून मोकळा झालेला असायचास. आपले सुपरवायझर रंगराव म्हणायचे, ‘ह्या पोराच्या डोळ्यात देवानं भिंग बसवलंय राव!’ आणि तू गंभीर चेहऱ्यानं म्हणायचास, ‘देवानं नाही साहेब, आईनं.’ खरंच होतं ते. तुझी आई, आपली चिमामावशी, तांदूळ निवडायची तेव्हा खड्याची काय बिशाद होती ताटात राहायची! डबासुद्धा ती दोघांचा भरायची. माझी आई सांगोल्याला, मी इथं खोलीवर एकटा. तुझ्या डब्यात माझ्या भाकरी कधीपासून यायला लागल्या, ते मला आठवतच नाही.

कंत्राट संपलं आणि आपण हे गाड्या चमकवायचं दुकान टाकलं. जमिनीवर पाणी मारून धूळ बसवायची, मग गाडी आत घ्यायची, हा नेमही तुझाच. गिऱ्हाईक विचारायचं, फिल्म लावू की सिरॅमिक कोटिंग करू? तू सांगायचास, दोन्ही करा, पण आधी फिल्म, मग कोटिंग. फिल्म म्हणजे रंगावर चिकटवायचा पारदर्शक अंगरखा, उडालेला खडा तो अंगावर घेतो. कोटिंग म्हणजे अत्तर, ते अंगरख्यावर लावायचं. कोटिंग केलेल्या पत्र्यावर पाणी ठरत नाही, चिखल ठरत नाही, मग फिल्मचा डिंक तरी कसा ठरेल? हे तू इतक्यांदा सांगितलंयस की कोपऱ्यात फडकी धुवत बसलेल्या मावशीलाही ते तोंडपाठ झालं होतं.

आता त्या काळ्या गाडीकडे येतो. माणच्या हिंदुरावांची. मुलीचं लग्न तोंडावर, आणि नवरी त्याच गाडीतून जाणार म्हणून रोज चार फोन. ठरलं असं होतं की शनिवारी मी धुऊन पॉलिश करायचं, रविवारी तू परभणीहून चुलत बहिणीचा साखरपुडा आटपून आलास की फिल्म चढवायची, आणि सोमवारी वरून कोटिंग. शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला, नुसतं पॉलिशच करताय का अजून, चमक कुठंय? माझं डोकं फिरलं. म्हटलं, यांना एक झकास व्हिडिओ पाठवू. नुसत्या बॉनेटला कोटिंग मारलं, तासाभरानं वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाण्याचे मोती असे पळाले की मीच खूश झालो. व्हिडिओ बघितल्यावर हिंदुरावांचे फोनही थांबले. संध्याकाळी मशीन फिरवून ते कोटिंग काढून टाकायचं, असं मनात होतं. तेवढ्यात दुसरी गाडी आली, तिच्यात वेळ गेला, आणि मी उद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या आधी दुकानात हजर. रात्रभर गाडीत बसून आलास आणि खोलीवर न जाता थेट फिल्मचा रोल उघडलास. मी आलो तेव्हा तू बॉनेट पुसत होतास. मी तेव्हा थांबवायला हवं होतं. म्हटलं, एका दिवसाचं कोटिंग आहे, स्पिरिटनं पुसलंय, निभावून जाईल. खरं कारण तेही नाही. तू मला मूर्ख म्हणशील याची लाज वाटली, एवढंच. तू रबरी पट्टी फिरवत होतास आणि कडा उचलत होत्या. गरम हवा देऊन तू त्या बसवल्यास, पुन्हा उचलल्या. चौथ्यांदा तू मान वर करून विचारलंस, ‘धन्या, बॉनेटला काही लावलंयस का?’ मी म्हणालो, ‘नाही.’

तो एकच शब्द, भूषण. तू त्याच्यावर विश्वास ठेवलास आणि चूक स्वतःच्या हातात शोधायला लागलास. तुझी काहीच चूक नव्हती. निसरड्या पत्र्यावर फिल्म धरून ठेवणं कुणालाच जमलं नसतं, आणि तरी तू तीन आठवडे धरून ठेवलीस.

पुढचं तुलाही माहीत आहे. वरातीच्या दिवशी हायवेवर फिल्म सुटली आणि काचेवर येऊन फडफडली. ड्रायव्हर हुशार म्हणून कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी हिंदुराव चार माणसं घेऊन आले, ती चुरगळलेली फिल्म त्यांनी तुझ्या हातात कोंबली आणि विचारलं, ‘हात हायेत का खुरपी?’ मग तुझं आडनाव विचारलं. तू सांगितलंस. ते नुसतं ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ तुला कळला, मला कळला आणि दारात उभ्या असलेल्या मावशीलाही कळला. तू हात जोडून म्हणालास, चूक माझी आहे. आणि माझं आडनाव ज्यांनी कधीच विचारलं नसतं त्यांच्यासमोर मी कॉम्प्रेसरच्या मीटरकडे बघत उभा राहिलो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

त्यानंतर तू भंगारातलं दार आणून त्याच्यावर पुन्हा पुन्हा फिल्म लावून बघायचास. ती नीट बसायची, तरी तुला पटायचं नाही. बोटं उजेडात धरून बघायचास. मी म्हणायचो, सोड रे, होतं असं. मी काय बोलत होतो हे मला पुरतं कळत होतं. महिन्याभरात तू नागपूरला निघून गेलास, गोदामात खोक्यांवरचे बारकोड वाचायला. कणभर डाग शोधणारे ते डोळे आणि हे काम! मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो, आणि बस सुटेपर्यंत विषय काढला नाही.

तू गेल्यावर मी दर बुधवारी मावशीकडे जात राहिलो. तुला वाटायचं, दोस्तीखातर. थोडं तेही होतं. पण ज्याचा अपराध करावा त्याच्या आईची औषधं आणून दिली की रात्री झोप लागते, हेही तेवढंच खरं. ती मला चहा द्यायची आणि दर वेळी जाताना विचारायची, ‘काही बोलायचंय का रे?’ मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय असेल. म्हणायचो, काही नाही मावशी. तिनं एकदाही दुसरा प्रश्न विचारला नाही.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तिला बरं वाटत होतं. तू गाडीत बसल्याचं मी तिला सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘धनेश, ती फडकी कडक झाल्ती रे.’ दुकानाची फडकी ती धुवायची ना. कोटिंगचं फडकं वाळलं की पापडासारखं होतं, हे तिला ठाऊक होतं. फिल्म लावायच्या दिवशीच तशी दोन फडकी तिला बादलीत सापडली होती, कोटिंग सोमवारी व्हायचं असताना. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून जाणत होती. मी विचारलं, मग भूषणला सांगितलं का नाहीस? म्हणाली, ‘मी सांगितलं असतं तर त्याचा भाऊ गेला असता. तू सांगशील म्हून थांबले. लई थांबले रे. तो आला की माझ्यासमोर बोल, मला ऐकू दे.’ मी हो म्हणालो. तू पोचायच्या दोन तास आधी ती गेली, आणि भूषण, तिचा हात माझ्या हातात असताना मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मावशी गेली आणि मी सुटलो, असं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर माईक घेऊन तू म्हणालास, धनेश होता म्हणून माझी आई एकटी नव्हती. मग मला मिठी मारलीस आणि मावशीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवून नागपूरला गेलास. आज त्याच खोलीत, तिच्या फोटोसमोर बसून हे लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. पण तिला ते तुझ्यासमोर ऐकायचं होतं, आणि मी त्याला तीन वर्षं उशीर केला. किल्ली या पाकिटात घातली आहे. ज्याच्या भरवशावर तू ती ठेवून गेलास, तो मी नाही.

तुझाच म्हणायचं की नाही, ते तू ठरव,
धनेश