एक ओळ कमी लावू

आबा, आज ऑफिसात मी आमच्या टीम लीडवर अशी ओरडले की आसपासच्या सगळ्या माना वळल्या. खरं सांगू? समोर तो होता, पण मी ओरडत होते तुमच्यावर. तुम्हाला जाऊन किती पावसाळे उलटले, तरी हा राग काही जिरत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहिलं. हिंजवडीत मी वेबसाइटची पानं मांडते. पानावर शेजारी शेजारी उभे कॉलम असतात, आपल्या भातखाचरांसारखे, आणि मधे मोकळी जागा, तिला मार्जिन म्हणतात. आजच्या पानात तीन कॉलम होते आणि तिसरा सारखा खाली घसरत होता. कारण साधं होतं. कुणीतरी सगळी रुंदी तिघांत वाटून टाकली होती आणि मग वर मार्जिन लावली होती. जागाच उरली नाही, तर शेवटचा खाली पडणारच. पण आधीच्या प्रत्येकाने काय केलं होतं, तर मधला कॉलम थोडा थोडा बारीक केला होता. तो इतका चिंचोळा झाला होता की त्यातला मजकूर शब्दाखाली शब्द असा लोंबत होता. लीड म्हणाला, "अगं, मधला अजून जरा कमी कर ना. चलता है, कोणाला कळतंय?" बस्स. मी म्हटलं, "का? तो गप्प बसतो म्हणून दरवेळी त्यालाच कापायचं?" आधी मार्जिन बाजूला काढायची, मग उरेल ते तिघांत वाटायचं, एवढंच तर करायचं असतं. मी तसं केलं आणि तिन्ही कॉलम मुकाट एका रांगेत आले.

मुकाट. हा शब्द तुमचा.

मी सातवीत आहे. लावणीच्या आधी बांधाची डागडुजी चालली आहे. तात्या, तुमचे थोरले भाऊ, कुदळीने त्यांच्या बाजूने बांध कोरतात आणि माती आपल्या खाचरात ओढतात. दरसाल असंच, वीतभर. बांध जागेवर दिसतो, पण तो आपल्याकडे चालत येतो आहे. मी चिखलातून ओरडते, "तात्या, बांध कोरू नका!" आणि तुम्ही, आबा, कुदळ धरलेल्या माणसाला सोडून माझ्या पाठीत धपाटा घालता. "थोरल्याम्होरं तोंड वर करून बोलतीस व्हय? मुकाट ऱ्हा. आपुन एक ओळ कमी लावू." सगळ्यांच्या देखत. संध्याकाळी मला आवडतात म्हणून तुम्ही मूठभर करवंदं आणलीत, पुढ्यात ठेवलीत. मी खाल्ली नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आता तात्याही नाहीत. दादाने, त्यांच्या मुलाने, बांधालगतचं त्यांचं वरचं खाचर फार्महाउससाठी घेतलंय आणि कुंपणाची भिंत घालतोय. त्याने आखणीसाठी चुन्याची फक्की मारली ती बांधाच्या आपल्या बाजूने. म्हणजे अख्खा बांध भिंतीच्या आत. त्याच बांधावरून आई आपल्या दुसऱ्या खाचरात जाते, डोक्यावर भारा घेऊन परत येते. दुसरी वाट नाही. मी फोन केला तर आई म्हणते, "जाऊ दे गं, एक ओळ कमी लावू." तुम्ही गेलात, पण तुमचं वाक्य घरात ठेवून गेलात.

रविवारी मी गावी, रिह्याला गेले आणि पायाने फक्की पुसली. दादा लालबुंद झाला. "आबा कदी येका शब्दानं बोललं न्हाईत. तू कोण गं? उद्या लगीन करून जाशील."

"म्हणूनच बोलतेय. आईनं कुठनं जायचं? सरकारी मोजणी आणू का?"

"घरात मोजणी आणतीस?" त्याचा आवाज उतरला. भावकीत मोजणी आणली की बोलणंचालणं संपतं, लग्नाचं आवतणही येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मग तो म्हणाला, "बरं बाई, तूच ठोक खुंट्या. तू म्हनशील तितं भिंत."

जिंकले होते मी, आबा. खुंट्या बांधाच्या त्याच्या कडेला ठोकायच्या होत्या. दादा मान खाली घालून उभा होता, आणि मी दोरी ताणून खुंट्या ठोकल्या त्या बांधाच्या मधोमध. कुणी सांगितलं नव्हतं. निम्म्या बांधावरून भारा घेऊन चालता येत नाही, हे मला कळत होतं आणि हात चालतच होता. दादा हसून म्हणाला, "आबांचीच लेक हाय." त्यावर मी हसलेसुद्धा.

ऑफिसात एका कॉलमसाठी घसा फोडणारी मी. संताप कुणाचा करू, तुमचा की या हाताचा? हा हात तुम्हीच घडवलात.

परवा भिंतीचा पाया खणणार आहेत. उद्या सुट्टी टाकली आहे, खुंट्या उपटून बांधाच्या पलीकडच्या कडेला ठोकणार आहे. दादा भांडला तर भांडेन, त्याची भीती नाही. तो गोडीने "ऱ्हाऊ दे की गं" म्हणाला, तर माझ्या तोंडून "बरं" निघेल, याची भीती वाटते.